मधल्या माणसाचे एकशे अठ्ठावीस

माझी चूक झाली हे सिद्ध करायला मला एकदा नऊ माणसं, एक शिट्टी आणि जेवणाची अख्खी सुट्टी खर्ची घालावी लागली. नुसतं तोंडाने कबूल करून भागत नव्हतं. मी दोनदा कबूल केलं आणि दोन्ही वेळा मला समजुतीच्या सुरात परत पाठवण्यात आलं. स्वतःचं खरं करण्यासाठी भांडणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, आमच्या घरात तर त्यांचा तुटवडाच नाही. पण स्वतःला खोटं पाडण्यासाठी भांडलेली बहुधा मी एकटीच असेन.

नरोलीतला आमचा कारखाना प्लास्टिकच्या जाड पाट्या बनवतो. दिसायला अगदी नीरस वस्तू. पांढरी, चौकोनी, हातात घेतली तर अपेक्षेपेक्षा जड. गिऱ्हाईक त्यातून यंत्रांची दातेरी चाकं कापून घेतं. प्लास्टिकचे दाणे प्रेसमध्ये वितळतात, साच्यात दाबले जातात आणि तो गरम साचा वाहत्या पाण्याच्या टाकीत सोडला जातो. ठरलेला वेळ झाला की साचा बाहेर काढून पाटी सोडवायची. घाईने काढली तर ती वरून टणक दिसते, पण आत मऊच असते. मग आतला भाग पुढे सावकाश आकसतो आणि पाटीच्या मधोमध पोकळी पडते. बाहेरून काही कळत नाही. गिऱ्हाइकाने करवत लावली की कळतं, आणि त्यानंतर फोन येतो.

असे फोन घेणं हे माझं काम. मी क्वालिटीत आहे. मूळची नाशिकची, राहायला नदीपलीकडे टोकरखाड्यात, रोज स्कूटरवरून दमणगंगेचा पूल ओलांडून कामावर येते. इंजिनिअर आहे आणि तेव्हा हे मी जरा जास्तच लक्षात ठेवत असे. कुणी मधे बोललं की माझा पारा चढायचा.

टाकीवर जे भाऊ होते ते धुळ्याकडचे. ठेकेदाराकडून आलेले, पण टाकीवर इतकी वर्षं काढलेली की टाकी त्यांचीच वाटावी. वेळ मोजायला ते फोनवर गजर लावत आणि त्या गजराला कोंबड्याची बांग होती. तीन सेंटिमीटरच्या पाटीला अर्धा तास, म्हणजे दर अर्ध्या तासाने आमच्या कामाच्या शेडमध्ये कोंबडा आरवायचा. नवीन आलेले कामगार दोन दिवस कोंबडा शोधत फिरायचे आणि जुने त्यांना खुशाल शोधू द्यायचे.

मग दुप्पट जाडीच्या, सहा सेंटिमीटरच्या पाट्यांची मोठी ऑर्डर आली. टाकीवरचा वेळेचा तक्ता मला वाढवायचा होता. मी उभ्या उभ्या त्रैराशिक मांडलं. तीन सेंटिमीटरला अर्धा तास, तर सहा सेंटिमीटरला किती? चौथीतलं पोरही सांगेल. मी एक तास लिहिलं, खाली झोकात सही केली आणि तक्ता चिकटवायला गेले.

भाऊंनी तक्त्यातल्या सहा सेंटिमीटरवर बोट ठेवलं. म्हणाले, "ताई, येले जास्त टाइम लागीन. एका तासात याचं पोट थंड होत नाही."

"भाऊ, तक्त्यात आहे तेवढंच ठेवायचं. मी विचार करून लिहिलंय."

विचार करून लिहिलंय ही शुद्ध थाप होती. भाऊंनी मान डोलावली आणि फोनमधला गजर बदलला. त्या दिवसापासून कोंबडा तासाला आरवू लागला.

तीन आठवडे भरायच्या आतच गिऱ्हाइकाचा फोन आला, पाठोपाठ कापलेल्या पाट्या आल्या. प्रत्येकीच्या पोटात अंगठा जाईल एवढी पोकळी. आमचे प्लांटचे साहेब पुण्याचे, माणूस तसा सज्जन, पण निर्णय घ्यायची त्यांना फार घाई. त्यांनी पोकळीत अंगठा घालून पाहिला आणि जागीच निकाल दिला. टाकीवरच्या माणसाने माल लवकर काढला. शनिवारी त्याचा गेटपास जमा करून घ्यायचा, सोमवारपासून दुसरा माणूस.

मी म्हटलं, "सर, रजिस्टरमध्ये प्रत्येक पाटीला बरोबर एक तास आहे."

"तेच तर. इतकं बरोबर रजिस्टर कधी असतं का? एकटाकी बसून भरलंय."

तो बुधवार होता. भाऊंची खोली नरोलीत, बायको शेजारच्या कारखान्यात कामाला, मुलगी इथल्याच शाळेत. टाकी गेली तर हे सगळं उचलून पुन्हा कुठेतरी मांडायचं. ते माझ्याकडे आले, पण रडले नाहीत, हातही जोडले नाहीत. फक्त विचारलं, "ताई, कोंबडा तुमी ऐकत होत्या ना?"

ऐकत होते. तासाला एक, न चुकता. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता. मग पाट्या पोकळ का निघाल्या? मला काही सुचेना, आणि खरं सांगायचं तर तक्त्यावर शंका घ्यायचं अजून माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आमच्याकडे जेवणाचे डबे प्रेसवर गरम होतात. प्रेसच्या वरच्या बाजूला एक सपाट लोखंडी पाट आहे, तो दिवसभर तापलेला असतो. नियमात हे बसत नाही आणि साहेबांचा डबाही तिथेच असतो. गुरुवारी मी माझा चपटा डबा सुट्टीच्या दहा मिनिटं आधी ठेवायला गेले तर भाऊंचा उभा, खोल डबा आधीच तिथे होता. त्यावर हात ठेवला तर चांगला तापलेला.

"हा केव्हा ठेवलात?"

"अर्धा तास झाला असीन."

"एवढ्या लवकर? कामावर लक्ष आहे की डब्यावर?" नको तिथे चढणारा माझा पारा तेव्हाही चढलाच.

भाऊ शांतपणे म्हणाले, "खिचडी हाये ताई. तुमचा डबा उथळ, त्याले दहा मिनिटं पुरतात. माझा खोल हाये दुप्पट. पहिले मीबी वीस मिनिटं ठेवत होतो. कडंकडंनं गरम अन् मधी थंडगार. पाऊण तास ठेवला तव्हा मधी पोचतं."

दुप्पट खोल आणि जवळजवळ चौपट वेळ. माझा डबा हातातच राहिला. कारण हे मला माहीत होतं! हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

कॉलेजात त्याला आंशिक विकलक समीकरण म्हणत, म्हणजे पार्शल डिफरन्शियल इक्वेशन. नाव ऐकूनच अर्धा वर्ग डबल रोटी खायला कँटीनमध्ये जायचा. पण उष्णतेच्या समीकरणाचं म्हणणं अगदी साधं आहे. वस्तूतली कुठलीही एक जागा घ्या. तिचं तापमान पुढच्या क्षणी किती बदलणार? तर तिचे शेजारी सरासरीने तिच्यापेक्षा किती गार किंवा गरम आहेत तेवढ्या प्रमाणात. शेजारी गार असतील तर ती निवते, गरम असतील तर तापते, आणि सारखेच असतील तर तिला कसली खबरच लागत नाही. समीकरणाच्या एका बाजूला वेळ एकदा येतो, दुसऱ्या बाजूला अंतर दोनदा येतं. एकदा आणि दोनदा, यातच सगळी गोम आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ दोन गुणिले दोन, चौपट. हे मी वहीत पानंच्या पानं सोडवलं होतं आणि तक्ता करताना चौथीतलं त्रैराशिक मांडलं होतं. वही एका डोक्यात आणि टाकी दुसऱ्या डोक्यात, असं शिकलेल्यांचंच होत असावं. भाऊंचं डोकं एकच होतं, डब्यालाही तेच आणि टाकीलाही तेच.

सहा सेंटिमीटरला दोन तास हवे होते. मी एक दिला होता.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "सर, तक्ता चुकलाय. चूक माझी आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्हाला त्या माणसाची दया येते, मला कळतं. पण असं दुसऱ्याचं अंगावर घेऊ नये. तुम्ही काय त्रैराशिक चुकाल?"

"चुकले नाही हो सर, त्रैराशिक बरोबरच आहे! तेच चुकलंय!"

हे वाक्य माझ्या बाजूने फारसं पडलं नाही. मी कागदावर समीकरण लिहून दाखवलं. त्यांनी ते प्रेमाने पाहिलं, लग्नाचा अल्बम पाहावा तसं, आणि कॉलेजचं गणित कॉलेजात बरं असतं म्हणून परत दिलं. तासाभराने मी पुन्हा गेले. दोन तास टाकीत ठेवून एक पाटी कापून बघू म्हटलं. एवढ्या ऑर्डरच्या मधे टाकी दोन तास अडवायची नाही, हे उत्तर मिळालं. कामगार खरं बोलला तर तो खोटारडा आणि इंजिनिअर बाईने चूक कबूल केली तर ती दयाळू! संताप आला मला. मी म्हटलं, "ठीक आहे. उद्या जेवणाच्या सुट्टीत खाली या. टाकी नको, प्रेस नको. मला फक्त माणसं द्या."

शुक्रवारी पॅकिंगमधून पुठ्ठे आणले. प्रेसजवळच्या मोकळ्या जागेत पाच माणसं ओळीने उभी केली. दोन टोकांची दोन माणसं म्हणजे पाणी, मधली तीन म्हणजे तीन सेंटिमीटरची पाटी. मधल्या तिघांच्या पुठ्ठ्यावर एकशे अठ्ठावीस लिहिलं, म्हणजे पाण्यापेक्षा एवढे अंश गरम. हा आकडा घेतला कारण तो निम्मा निम्मा करत नेला तरी डोकं दुखत नाही. पाण्याच्या पुठ्ठ्यांवर शून्य. नियम एकच. डावीकडच्याचा आणि उजवीकडच्याचा आकडा बघायचा, बेरीज करून निम्मी करायची, वरचा अर्धा सोडून द्यायचा, आकडा पुठ्ठ्याच्या मागे लिहायचा आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम पुठ्ठा उलटायचा. पाणी मात्र वाहतं, ते तापत नाही, म्हणून शून्य ते शून्यच. मधला माणूस बत्तीसपर्यंत उतरला की पाटी काढायला तयार.

एका टोकाला पॅकिंगमधल्या मावशी होत्या. त्या जवळच्या सुरंगी गावाहून येतात आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. "म्हंजे मी नुसती उभी राहू?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी. पण हलायचं नाही हं. तुम्ही बदललात तर सगळं गणित बदलेल."

हे त्यांना फार आवडलं. दुसऱ्या टोकाला आमचा गुजराती चहावाला होता. "आपणो तो झीरो ज छे ने," म्हणत त्याने शून्याचा पुठ्ठा छातीशी धरला. गेटवरच्या सिक्युरिटीने शिट्टी आणली होती आणि ती वाजवण्याच्या परवानगीने तो मोहरून गेला होता.

पहिली शिट्टी. कडेचे दोघे चौसष्टवर आले, मधला होता तिथेच. दुसऱ्या शिट्टीला मधलाही चौसष्ट. चौथ्या शिट्टीला तिघेही बत्तीस. टाळ्या पडल्या. साहेब हात बांधून उभे होते.

"चार शिट्ट्या म्हणजे अर्धा तास," मी म्हटलं. "आता दुप्पट जाड पाटी. माझ्या तक्त्याप्रमाणे आठ शिट्ट्यांत थंड व्हायला हवी."

आता पाण्याच्या मधे सात माणसं उभी राहिली, म्हणजे पाण्यापासून पाण्यापर्यंत चारऐवजी आठ पावलं. बरोबर मधोमध मी भाऊंना उभं केलं. सातही जणांच्या हातात एकशे अठ्ठावीस.

शिट्टी झाली. कडेच्यांचे आकडे पडले. भाऊंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, दोन्हीकडे एकशे अठ्ठावीस. पुठ्ठा उलटला तर एकशे अठ्ठावीस. दुसरी शिट्टी, भाऊ एकशे अठ्ठावीस. तिसरी शिट्टी. "माझं तं काही हालेचना!" भाऊ ओरडले आणि सगळे हसले. कडेला पाण्याजवळचा माणूस अठ्ठेचाळीसवर येऊन गार पडला होता आणि मधे भाऊंना पाणी आहे याचाही पत्ता नव्हता. चौथ्या शिट्टीला ते एकदाचे एकशे बारावर आले तेव्हा लोकांनी क्रिकेटसारखा गलका केला.

आठवी शिट्टी झाली. मी म्हटलं, "थांबा. भाऊ, पुठ्ठा साहेबांना दाखवा."

ब्याऐंशी.

साहेब जवळ आले. त्यांनी पुठ्ठा पाहिला, शेजारच्या दोघांचे पाहिले, मनात बेरीज करून निम्मी केली. माणूस घाईचा असला तरी हिशेब कळणारा. "चालू द्या," ते म्हणाले. आता हात बांधलेले नव्हते.

माझ्या चौपटीच्या हिशेबाने सोळाव्या शिट्टीला भाऊ बत्तीसवर यायला हवे होते. सोळावी झाली आणि भाऊ बेचाळीस. कालपासून एवढा आव आणला आणि आता गणितच मला तोंडावर पाडणार की काय? सतरा, अठरा, एकोणीस. पस्तीस! विसाव्या शिट्टीला पुठ्ठा उलटला तेव्हा एकोणतीस निघाले.

"मॅडम, चौपट म्हणाला होतात. ही तर पाचपट झाली," साहेब म्हणाले.

"सर, माणसं कमी पडली. पाटीचे सातच तुकडे केले की हिशेब जाडाभरडा येतो. शंभर माणसं उभी केली तर बरोबर चौपट येईल."

"शंभर माणसं कँटीनमध्ये आहेत, पण ती जेवतायत," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मी त्यांना दोनदा दिलं होतं. "म्हणजे तक्ताच चुकला होता?"

"हो. तक्ता माझा, सही माझी. भाऊंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं की एक तास पुरणार नाही. मी ऐकलं नाही."

शेवटची दोन वाक्यं केबिनमध्ये मी बोलले नव्हते. तिथे त्यांची गरज नव्हती असं मी स्वतःला समजावलं होतं. इथे, त्या नऊ जणांसमोर, ती गिळता येईनात. लाज वाटली, चांगली कानापर्यंत वाटली. मावशींनी शून्याचा पुठ्ठा खाली ठेवला आणि विचारलं, "मग आता ह्यांचा पास?"

"पास राहील," साहेब म्हणाले. भाऊंकडे बघून जरा अडखळले आणि म्हणाले, "रजिस्टरबद्दल मी बोललो ते चुकलं." मग घाईघाईने आपला डबा घ्यायला प्रेसकडे गेले. तो एव्हाना पुरेपूर तापला होता आणि त्यांचा हात चांगलाच पोळला.

त्याच दुपारी मी नवा तक्ता केला. सहा सेंटिमीटरला दोन तास. या वेळी सहीच्या दोन जागा ठेवल्या, एक माझी आणि एक टाकीवरच्या माणसाची. माझी सही करून तक्ता आणि पेन भाऊंपुढे धरलं.

भाऊंनी पेन घेतलं नाही. म्हणाले, "पहिले एक पाटी कापून पाहू, ताई. मंग सही."

ते रागाने म्हणाले नव्हते. पण मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. आधीच्या तक्त्यावरच्या एका सहीने त्यांना घरी पाठवायची वेळ आणली होती. दुसरी सही ते डोळे झाकून कशी करतील? साहेबांनी टाकी दोन तास दिली. साचा पाण्यात गेला. भाऊंनी गजर लावला. आम्ही दोघं टाकीपाशी थांबलो, मी अधूनमधून उगाच घड्याळ बघत आणि ते अजिबात न बघता. कोंबडा आरवला तशी पाटी निघाली, करवतीवर गेली, दोन तुकडे झाले. भाऊंनी कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मधे कुठेच अडला नाही. मग त्यांनी पेन मागितलं आणि सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

पेन परत देताना त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा मिश्कील हसू दिसलं.

"ताई, मी तुमाले सांगतलं त्याले किती दिस झाले?"

मी मोजले. "बावीस."

"बावीस," ते म्हणाले. "माझ्या वीसपेक्षा दोन शिट्ट्या जास्तच लागल्या तुमाले." आणि गजर पुन्हा लावून टाकीकडे वळले.